सही नको, पत्र मागा
निवृत्त राजदूत आणि जुने गव्हर्नर यांच्या पत्रांचा संग्रह करू इच्छिणाऱ्या नागपूरकरांसाठी

२ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला गेली. मधली पंचाण्णव वर्षे आधी चीफ कमिशनर, मग गव्हर्नर आणि स्वातंत्र्यानंतर राज्यपाल इथूनच कारभार पाहत होते. त्यांच्या सहीची पत्रे फक्त राजेरजवाड्यांकडे गेली असे नाही. मालगुजार, वकील, हेडमास्तर, कौन्सिलचे सभासद, रावबहादूर अशा कितीतरी घरांत ती पोहोचली. धंतोलीतल्या जुन्या बंगल्यांत आणि महालातल्या वाड्यांत आजही एखाद्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि सातबाऱ्याच्या नकलांच्या खाली, ‘गव्हर्नमेंट हाउस, नागपूर’ असा मथळा छापलेला कागद निघू शकतो.

म्हणून हा छंद नागपूरकराला परका नाही. त्याच्या दोन वाटा आहेत. हयात असलेल्या निवृत्त राजदूतांना आणि प्रशासकांना स्वतः पत्र लिहून उत्तर मिळवायचे, ही पहिली. जुनी पत्रे शोधून, पारखून जमवायची, ही दुसरी. दोन्ही वाटांवर एक गोष्ट सारखीच लागू आहे : नुसती सही फार काही सांगत नाही. कोऱ्या कार्डावरची सही कुणाची आहे एवढेच कळते. पत्रात माणूस काय म्हणाला, कुणाला, कधी आणि का म्हणाला हे कळते. संग्रहाची किंमत तिथे ठरते.

आधी कुंपण घाला

‘मोठ्या माणसांची पत्रे’ असा संग्रह कधीच आकाराला येत नाही. विषय लहान ठेवा. नागपूरकरासाठी सर्वांत सोयीचा विषय म्हणजे आपल्या प्रांताचे गव्हर्नर. सर फ्रँक स्लाय (१९२०–२५), सर माँटेग्यू बटलर (१९२५–३३), सर हाइड गोवन (१९३३–३८), सर फ्रान्सिस वायली (१९३८–४०), सर हेन्री ट्वायनम (१९४०–४६) आणि सर फ्रेडरिक बोर्न (१९४६–४७) ही ब्रिटिश गव्हर्नरांची यादी. स्वातंत्र्यानंतर मंगलदास पक्वासा आणि पट्टाभि सीतारामय्या. एवढ्या यादीतले प्रत्येकी एक चांगले पत्र जमवणे हेच काही वर्षांचे काम आहे.

राजदूत आणि गव्हर्नर हे दोन कप्पे वेगळे ठेवायचा हट्टही धरू नका, कारण माणसेच तशी नव्हती. वायली नागपूरहून गेल्यावर १९४१ ते १९४३ काबूलला ब्रिटनचे प्रतिनिधी होते. आपल्या यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे १९४३ ते १९४७ सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते आणि १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. अण्यांचा पत्रव्यवहार मोठा होता. त्यांचे कागद दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहेत (२०२३ पासून ही संस्था प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय या नावाने ओळखली जाते). पण त्यांनी इतरांना पाठवलेली पत्रे साहजिकच त्या इतरांच्या घरी राहिली. विदर्भातल्या संग्राहकाला शोध घ्यायला याहून चांगला विषय क्वचित सापडेल.

मराठी मुत्सद्दी हा दुसरा चांगला विषय. औंधच्या राजघराण्यातले अप्पासाहेब पंत, परराष्ट्र सचिव राहिलेले राम साठे आणि विजय गोखले, मराठीत लिहिणारे ज्ञानेश्वर मुळे अशी ही परंपरा आहे.

हयात व्यक्तींना लिहिताना

१९४७ पूर्वीचा एकही ब्रिटिश गव्हर्नर आज हयात नाही. वसाहतींच्या शेवटच्या काळातले जे लोक उरले, ते हाँगकाँगसारख्या ठिकाणचे. ३० जून १९९७ पर्यंत तिथे ब्रिटिश गव्हर्नर होता; डेव्हिड विल्सन आणि क्रिस पॅटन हे शेवटचे दोघे. त्यातले विल्सन मूळचे परराष्ट्र सेवेतले. बर्म्युडा, जिब्राल्टर, फॉकलंड अशा ठिकाणी ब्रिटन आजही गव्हर्नर नेमते. त्या पदांवर अनेकदा परराष्ट्र सेवेतलेच अधिकारी जातात आणि यथावकाश निवृत्त होतात. आपल्याकडे निवृत्त राजदूतांची संख्या कितीतरी मोठी आहे. सुरुवात घरापासून करावी.

पत्ता शोधताना घरचा पत्ता खणून काढू नका. तो शिष्टाचारही नाही आणि त्याने उत्तराची शक्यताही वाढत नाही. पुस्तक लिहिले असेल तर प्रकाशकामार्फत पत्र पाठवा; पाकिटावर लेखकाचे नाव आणि खाली ‘द्वारा’ म्हणून प्रकाशनसंस्था. एखाद्या अभ्याससंस्थेशी किंवा विद्यापीठाशी संबंध असेल तर तिथे लिहा. दिल्लीच्या सप्रू हाउसमधली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स किंवा मुंबईची गेटवे हाउस या अशाच संस्था. ब्रिटनमध्ये कुणी हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य असेल तर सभागृहाच्या पत्त्यावर पत्र जाते. पाकीट बंद करण्याआधी त्या व्यक्तीबद्दलच्या ताज्या बातम्या पाहून घ्या. आजारी किंवा शोकात असलेल्या घरी प्रश्न पाठवणे बरे नाही.

आता मुख्य गोष्ट : काय विचारायचे. ‘मी आपला चाहता आहे, कृपया सही पाठवा’ या पत्राला उत्तर आलेच तर तेवढेच येते, एक सही. असा प्रश्न विचारा ज्याचे उत्तर फक्त तीच व्यक्ती देऊ शकते, आणि जे दोन-चार ओळींत देता येते. विजय गोखले १९८९ मध्ये तरुण अधिकारी म्हणून बीजिंगमध्ये होते आणि त्या वर्षाच्या तिआनमेन चौकातल्या घडामोडींवर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले. त्यांना ‘चीनबद्दल तुमचे मत काय’ असे विचारू नका. ते त्यांनी शेकडो पाने लिहून सांगितले आहे. त्या दिवसांत बातम्यांची खातरजमा दूतावास कशी करत असे, असे विचारा. ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र मंत्रालयात असताना २०१७ मध्ये टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रे सुरू झाली. जिल्ह्याच्या गावातल्या पोस्टात पासपोर्ट देण्याला पहिला विरोध कुठून झाला, हा प्रश्न त्यांना विचारण्याजोगा आहे.

प्रश्न सापडावा म्हणून आधी वाचन करा. निवृत्त भारतीय राजदूतांच्या मौखिक आठवणी ‘इंडियन फॉरिन अफेअर्स जर्नल’ने छापल्या आहेत. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलाखती केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजने जमवल्या आहेत आणि त्या वाचायला खुल्या आहेत. मुलाखतीत जो धागा अर्धवट सुटला असेल, तिथेच तुमचा प्रश्न असतो. गोपनीय वाटाघाटी, हयात सहकाऱ्यांविषयीचे मत आणि चालू वाद मात्र टाळा. सेवेतले बंधन निवृत्तीनंतरही माणूस पाळतो, आणि अशा प्रश्नाने तुमचे सगळे पत्रच बाजूला पडते.

नमुन्यादाखल एक मसुदा :

“आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार. मी नागपूरला शाळेत इतिहास शिकवतो. आपले पुस्तक मी नुकतेच वाचले. जकार्ताच्या प्रकरणात आपण दिल्लीहून येणाऱ्या टपालाच्या थैलीचा ओझरता उल्लेख केला आहे. त्यावरून एक विचारावेसे वाटले. थैली उशिरा आली आणि निर्णय तर त्याच दिवशी घ्यायचा, असा प्रसंग आपल्यावर आला होता का? दोन ओळी जरी आपल्या हस्ताक्षरात मिळाल्या तरी माझ्या संग्रहात आणि वर्गातही त्यांचा उपयोग होईल. आपली हरकत नसेल तरच त्या मुलांना वाचून दाखवीन. सोबत तिकीट लावलेले पाकीट जोडले आहे. सवड नसल्यास उत्तराचा आग्रह नाही. आपला नम्र,”

यात चार गोष्टी आहेत : तुम्ही कोण, काय वाचले, नेमके काय विचारता आणि उत्तराचे पुढे काय करणार. पत्र एका पानात संपवा आणि हाताने लिहा. टंकलेल्या पत्राला टंकलेलेच उत्तर येते. मराठी अधिकाऱ्यांना मराठीतच लिहावे. आयुष्यभर इंग्रजीत मसुदे केलेल्या माणसाला मातृभाषेत उत्तर लिहायची संधी आवडते. इंग्रजीत लिहिताना निवृत्त राजदूतांना ‘डियर अँबॅसडर’ आणि आडनाव असे लिहिण्याची रीत आहे. ‘हिज एक्सलन्सी’ पदाबरोबर संपते. निवृत्ताला ते लावले की लिहिणारा नवखा आहे हे कळते.

पाकीट, तिकीट आणि धीर

देशांतर्गत पत्रासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, पाच रुपयांचे तिकीट लावलेले पाकीट ठेवा. २० ग्रॅमपर्यंतच्या पत्राला तेवढे पुरते. पाकिटासोबत एक कोरा, जाडसर, चांगला कागदही घाला. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. पत्र पोहोचल्याची खात्री हवी असेल तर आता स्पीड पोस्टच. तरी वयस्क माणसाला दारापर्यंत येऊन सही करायला लावण्यापेक्षा साधे टपाल बरे.

परदेशी पत्रात भारतीय तिकीट लावलेले परतीचे पाकीट निरुपयोगी असते. तिथल्या टपालात तिथलेच तिकीट चालते. ब्रिटनची तिकिटे मित्रांकडून मागवत असाल तर एक लक्षात ठेवा. राणीच्या मुखवट्याची रोजच्या वापराची, बारकोड नसलेली तिकिटे २०२३ मध्ये बाद झाली. बारकोड असलेली किंवा चित्रांची विशेष तिकिटे चालतात. तिकीट मिळालेच नाही तर नुसता पत्ता लिहिलेले पाकीट ठेवा आणि तसे पत्रात सांगा.

उत्तराला महिने लागतात. स्मरणपत्र एकदाच, सहा महिन्यांनी, आणि तेही दोन ओळींचे. उत्तर आले की आठ दिवसांत आभाराचे पत्र टाका. त्या पत्रात दुसरा प्रश्न घालू नका. आभार हेच निमित्त असू द्या.

जुनी पत्रे : कुठे आणि काय

जुन्या पत्रांचा पहिला शोध स्वतःच्या आणि नात्यातल्या घरांत घ्या. त्यानंतर वाडा पाडताना, घर विकताना, वकिलांची जुनी दप्तरे निघताना रद्दी उचलणाऱ्या कबाड्याशी ओळख ठेवा. त्याला नेमके काय हवे ते सांगून ठेवा : ‘हाताने सही केलेली इंग्रजी पत्रे, पाकिटासकट, फाइल न फोडता.’ पाकीट आणि सोबतचे कागद वेगळे केले की पत्र कुणाच्या घरचे आणि कोणत्या प्रकरणातले हे कळायचा मार्ग बंद होतो.

गव्हर्नरांची सही कोणत्या कागदावर मिळेल, हेही समजून घ्या. शासकीय पत्रावर बहुधा सचिवाची सही असते. गव्हर्नरची स्वतःची सही अर्धशासकीय म्हणजे डी. ओ. पत्रावर, खासगी आभारपत्रावर, नेमणुकीच्या फर्मानावर सापडते. चांगले डी. ओ. पत्र ओळखायची खूण अशी की मजकूर टंकलेला असतो, पण वरचे संबोधन आणि शेवटचे ‘युवर्स सिन्सियरली’ हाताने लिहिलेले असते. एकाच वेळी शेकड्यांनी वाटलेल्या प्रशस्तिपत्रांवरची सही मात्र पुष्कळदा छापील असते. आजोबांच्या सनदेवर सही दिसली म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, भिंग लावा.

खरे-खोटे पारखताना

पहिली पारख इतिहासाची. तिला पैसे लागत नाहीत आणि सर्वांत जास्त बनावट कागद तीच पकडते.

१९२० पूर्वी मध्य प्रांताला गव्हर्नर नव्हता, चीफ कमिशनर होता. १९१२ च्या पत्रावर ‘गव्हर्नर ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ दिसले तर ते पत्र खोटे. प्रांताच्या नावात ‘अँड बेरार’ अधिकृतपणे १९३६ मध्ये आले; मात्र त्याआधीच्या मथळ्यात ते दिसले तर तेवढ्यावरून पत्र खोटे ठरवू नका. आणखीही काही गोष्टी संशयास्पद वाटतात पण खऱ्या असतात. उन्हाळ्यात सरकार पचमढीला जाई, त्यामुळे मे महिन्यातले पत्र पचमढीहून आलेले असणे स्वाभाविकच. गव्हर्नरच्या जागी भारतीय सही दिसली तरी घाई करू नका : अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे १९२९ मध्ये आणि ई. राघवेंद्र राव १९३६ मध्ये हंगामी गव्हर्नर होते. तांब्यांच्या त्या थोड्या काळातले पत्र मिळाले तर ते बटलरसाहेबांच्या पत्रापेक्षा कितीतरी दुर्मीळ.

दुसरी पारख वस्तूची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. मथळ्यावर ४४०००१ छापलेले पत्र त्याआधीचे असू शकत नाही. बॉलपेनची सही १९४५ पूर्वीच्या पत्रावर असायला नको. नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी घ्या आणि अंधारात कागदावर टाका. पांढरेपणासाठी रसायन घातलेला कागद निळसर चमकतो, आणि असा कागद साधारण १९५० नंतरचा. कागद उजेडाकडे धरून पाणखूण पाहा. तिच्यात कधीकधी सालच असते.

तिसरी पारख सहीची. भिंगाखाली खऱ्या शाईची रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे गडद दिसते. छापील सही ठिपक्यांची किंवा सगळीकडे सारखी सपाट असते. रबरी शिक्क्याच्या कडेला शाई साचते. सही यंत्राने केलेली असेल तर दोन पत्रांवरच्या सह्या एकावर एक तंतोतंत बसतात. माणसाच्या हाताला ते जमत नाही. तुलनेसाठी खात्रीचे नमुने लागतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर जुने सरकारी कागद विनामूल्य पाहता येतात. आणखी एक खूण : उमराव लोक नुसत्या किताबाने सही करत, जसे व्हाइसरॉय ‘लिनलिथगो’. नागपूरचे गव्हर्नर उमराव नव्हते. ते नावाची आद्याक्षरे आणि आडनाव लिहीत.

विकत घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : हे तुमच्याकडे कुठून आले? उत्तर गुळमुळीत असेल तर कितीही सुंदर पत्र असो, सोडून द्या.

कायद्याच्या चार गोष्टी

सरकारी फाइलीतून निघालेला कागद खासगी मालमत्ता होत नाही. कागदावर जावक क्रमांक, फाइलीची भोके, कार्यालयाचा शिक्का आणि समास-टिपा असतील तर तो दप्तरातून बाहेर पडलेला असण्याची शक्यता धरा. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे आणि महाराष्ट्राचा २००५ चा. नागपूरच्या रेसिडेंटांची, म्हणजे कोलब्रुक, एल्फिन्स्टन, जेंकिन्स यांची अस्सल पत्रे कुणी विकायला आणली तर तिथे विशेष सावध राहा. हे भोसल्यांच्या दरबारातले कंपनीचे वकील. त्यांचा पत्रव्यवहार सरकारी दप्तराचा भाग आहे. त्यातले निवडक कागद एच. एन. सिन्हा यांनी संपादित केले आणि नागपूरच्या सरकारी छापखान्याने १९५० च्या दशकात खंडांत छापले. अभ्यासासाठी ते खंड पुरेत.

ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेला, ७५ वर्षांहून जुना कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ‘पुरावस्तू’ ठरतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी ग्राहकाने कितीही पैसे देऊ केले तरी ट्वायनमसाहेबांचे १९४२ चे पत्र पाकिटात घालून लंडनला धाडू नका.

शेवटची गोष्ट छपाईची. पत्राचा कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या पत्रावरचा हक्क ते पहिल्यांदा छापले गेल्यावर ६० वर्षे टिकतो. लेखात किंवा समाजमाध्यमावर अख्खे पत्र टाकण्याआधी लेखी परवानगी घ्या.

नागपूरच्या हवेत जपणूक

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि जुलैत भिंती ओल धरतात. कागदाला एवढा फरक सोसत नाही. माळा, टिनाच्या छपराखालची खोली आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट, या तिन्ही जागा टाळा. घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून फूटभर वर पेटी ठेवा. कूलर हा आपल्याकडचा खास शत्रू. त्याची हवा पाण्याचा अंश घेऊन येते. कूलर चालतो त्या खोलीत संग्रह नको.

प्रत्येक पत्र घडी उलगडून, आम्लविरहित कागदात किंवा पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा. बाजारातले स्वस्त पीव्हीसीचे फोल्डर शाई उचलतात. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्हींचे नुकसान भरून निघत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका. कसर आणि वाळवीवर खरा उपाय म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी पेटी उघडून पाहणे. फ्रेम करून भिंतीवर लावायचे असेल तर स्कॅनची प्रत लावा. फौंटनपेनची शाई उन्हाने काही वर्षांत उडते.

प्रत्येक पत्राची नोंद वहीत करा : कुणी, कुणाला, कुठून, कधी; तुमच्याकडे कसे आले; सोबत काय होते. पत्रावर काही लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात, फक्त क्रमांक. तुम्ही पाठवलेल्या पत्राची प्रतही उत्तरासोबत ठेवा. प्रश्नाशिवाय उत्तर अर्धे राहते. संग्रह पुढे सांभाळणारे घरात कुणी नसेल तर तो फुटण्याआधी विदर्भ संशोधन मंडळ, विदर्भ साहित्य संघ किंवा पुराभिलेख विभागाचे नागपूर कार्यालय यांच्याशी बोलून ठेवा, आणि नोंदवहीही त्यांच्याच हाती द्या.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. एका निवृत्त राजदूताचे पुस्तक ग्रंथालयातून आणा, वाचा आणि तुमचा प्रश्न एका ओळीत लिहून पाहा. तोच प्रश्न दुसऱ्या कुठल्याही राजदूताला जसाच्या तसा विचारता येत असेल, तर पाकिटाला तिकीट लावायची वेळ अजून आलेली नाही.